मधल्या मापाची बाजू

"काका, टॅब घ्यायचा तर अकरा इंचीच!" पुतण्या गरजला. २०१० साली स्टीव्ह जॉब्झनी सात इंचीची अशीच टर उडवली होती; म्हणे, बोटं घासून बारीक करायला सोबत पॉलिशपेपर द्या! त्यांच्या पश्चात, २०१२ साली, त्यांच्याच कंपनीने ७.९ इंची काढला. अहो, अकरा इंची म्हणजे पाट! उताणं वाचताना डुलकी लागली की थेट नाकावर. फोनवर वाचावं तर चष्म्याला घाम फुटतो. आठ इंची एका हातात मावतो, दुसरा चहाला मोकळा. फक्त एक बघा: इंच कर्णावर मोजतात, तेवढ्याच इंचांत लांबुडका पडदा अरुंद निघतो. जन्मभर आम्हांला 'मध्यम' म्हणून हिणवलंत. आता वाचायला तरी मध्यम घेऊ द्या की!