नियम तेच, रीत निराळी

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे तीन महिने राहण्याचा योग आला. एके दिवशी जावई मोटार चालवीत होते, मी शेजारी बसलो होतो. अरुंद रस्त्यावर समोरून एक गाडी आली आणि तिने दिव्यांची दोनदा उघडझाप केली. मी सवयीने म्हणालो, "थांबा, तो येतो आहे." जावई हसून म्हणाले, "नाही बाबा, तो आपल्याला आधी जायला सांगतो आहे."

इंदुरात पस्तीस वर्षे वाहन चालविताना त्याच खुणेचा अर्थ मी नेमका उलटा शिकलो होतो. ‘मी येतो आहे, तू बाजूला हो’, हा आपला अर्थ. विशेष म्हणजे तेथील अर्थही पुस्तकातला नाही. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये दिव्यांची उघडझाप केवळ आपले अस्तित्व कळविण्यासाठी करावी, असे सांगितले आहे. बाकी दोन्हीकडे लोकांनी पाडलेली रीत आहे.

परदेशवारी करून आलेले आपले स्नेही ‘तिकडचे नियमच कडक’ असे सांगतात. नियमांची तुलना केली तर हे विधान फारसे टिकत नाही. दोन्ही देशांत वाहने डावीकडून चालतात. वर्तुळाकार चौकात उजवीकडून येणाऱ्यास आधी वाट द्यावी, झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्यासाठी थांबावे, हे तेथे आहे आणि आपल्या मोटार वाहन कायद्याखालील २०१७ च्या नियमावलीतही आहे. दुचाकीस्वाराने शिरस्त्राण घालावे, हे आपल्या १९८८ च्या कायद्यात पहिल्यापासून लिहिलेले आहे.

तरीही परिणामांत अंतर किती पाहा. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये हा आकडा १,७११ होता. आपली लोकसंख्या त्यांच्या एकवीस-बावीसपट आहे, मृत्यू मात्र जवळजवळ शंभरपट. आपल्या मृतांपैकी ५०,०२९ जणांनी शिरस्त्राण घातलेले नव्हते.

यावर ‘त्यांच्या रक्तातच शिस्त आहे’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. १९६६ साली त्याच ब्रिटनच्या रस्त्यांवर सुमारे ८,००० माणसे मेली होती, आणि तेव्हा वाहने आजच्यापेक्षा कितीतरी कमी होती. पुढे १९६७ मध्ये मद्यपी चालकांसाठी श्वासचाचणी आली, १९७३ मध्ये शिरस्त्राण सक्तीचे झाले, १९८३ मध्ये पुढील आसनांवरील पट्टा बांधणे बंधनकारक झाले. यांपैकी प्रत्येक गोष्टीला त्या काळी विरोध झाला. आज तेथे गाडीत बसताच हात आपोआप पट्ट्याकडे जातो. कायदा वर्षानुवर्षे न चुकता पाळून घेतला गेला आणि मग त्याची रीत झाली.

या इतिहासात आपल्या व्यवसायाचाही वाटा आहे. १९३५ च्या मे महिन्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून वारले. त्यांच्यासाठी बोलाविलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या मस्तकाघातांचा अभ्यास केला आणि १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये शिरस्त्राणाचे महत्त्व मांडले. कायदा होण्यापूर्वीच, १९५२ साली, ते निवर्तले. पण एका डॉक्टरने आपल्या खाटेवरच्या रुग्णापाशी न थांबता रस्त्याकडे पाहिले, याचे फळ पुढील पिढ्यांना मिळाले.

आता आपल्याकडे वळतो, आणि प्रथम स्वतःकडे. ब्रिटनमध्ये वाहन चालविण्याच्या परीक्षेची सुरुवात होते ती उमेदवाराला २० मीटरवरील गाडीचा क्रमांक वाचावयास सांगून. तो वाचता आला नाही, तर परीक्षा तेथेच संपते. आपल्याकडे व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, तो नमुना १-अ. त्यात हाच प्रश्न आहे, आणि अंतर तर २५ मीटरचे आहे! म्हणजे कागदावर आपणच अधिक कडक. मात्र त्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहून स्वाक्षरी करणारा डॉक्टर उमेदवाराला दाराबाहेर नेऊन क्रमांक वाचावयास लावतो काय?

मी लावला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका परिचिताने आपल्या चालकाचा अर्ज पाठविला. दवाखान्यात गर्दी होती. चालक बाहेर उभा आहे, एवढे ऐकून मी स्वाक्षरी केली. काही महिन्यांनी तोच गृहस्थ ‘रात्री समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात’ म्हणून आला. उजव्या डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू साध्या विजेरीने दिसत होता. त्याच्या हातून अपघात झाला नाही, हे केवळ दैव. माझी स्वाक्षरी मात्र आजही मला बोचते.

कोणी म्हणेल, डॉक्टरांनी दाखले नीट दिल्याने खड्डे बुजणार आहेत काय? पदपथ मोकळे होणार आहेत काय? नाहीत. आपला रस्ता हातगाडी, गाय, सायकल, रिक्षा आणि मालमोटार या सर्वांचा आहे. तेथील तुलना येथे जशीच्या तशी लागू करणे अन्यायाचे ठरेल. परंतु रस्ते सुधारण्याची वाट पाहत आपल्या हातातले कामही सोडून द्यावे, हे मला पटत नाही.

आणि रीत बदलत नाही, असे निदान इंदूरकराने तरी म्हणू नये. २०१७ पासून सलग सात वर्षे आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले आले. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय आपल्याला कोणी जन्मतः दिली नव्हती. घरापुढे गाडी रोज येऊ लागली, दंड खरोखर होऊ लागला, मुले घरात टोकू लागली आणि सवय लागली.

म्हणून आपल्या संस्थेच्या सभासदांपुढे दोनच गोष्टी ठेवतो. दृष्टी तपासल्याशिवाय आणि फेफरे वा चक्कर येते काय हे विचारल्याशिवाय कोणीही वाहनाचा दाखला देऊ नये, मग मागणारा कितीही जवळचा असो. आणि आपल्यापैकी जे दुचाकीवर दवाखान्यात जातात, त्यांनी शिरस्त्राण घालूनच जावे. घरापासून दवाखाना दोन गल्ल्यांवर असला तरीही. दारात बसलेले रुग्ण आपण लिहून दिलेल्या कागदाआधी आपल्याकडे पाहत असतात.