तळाचा कांदा

सायखेड्यात गोदावरीचा पूर ओसरतो, पण गाळ घरांच्या कोपऱ्यांत उरतोच. पाप म्हटलं की मला तो गाळ आठवतो.

एका पावसाळ्यात मी ट्रॉलीच्या तळाशी भिजलेला कांदा भरला, वर कोरडा पसरला. व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी झाली आणि माल उघडा पडला. मी शांतपणे म्हणालो, “गड्यानं भरला.” त्याची दोन दिवसांची मजुरीही कापली. कित्येक वर्षं मी याला ‘चूक’ म्हणत होतो. चूक हिशोबात होते. हे पाप होतं. हा शब्द आपण ख्रिस्ती लोकसुद्धा हल्ली टाळतो, हे मला घातक वाटतं. रोगाचं नावच घेतलं नाही, तर वैद्याकडे जाणार कोण?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. पण आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, हे त्यांना काही वर्षांनी उमगलं आणि त्यांनी ते उघडपणे लिहिलं. एवढ्या विदुषीला ज्ञान आणि सेवा पुरली नाही. पापी म्हणूनच त्या ख्रिस्ताकडे गेल्या. पुढे 1905 मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत आपापली पापं कबूल करू लागल्या.

सत्कृत्यांनी जुना हिशोब फिटतो, असं मी मानत नाही. वधस्तंभावर माझी क्षमा झाली, या विश्वासानंच मला कापलेली मजुरी घेऊन त्या गड्याच्या दारात उभं राहता आलं. त्यानं पैसे मोजले नाहीत. एवढंच विचारलं, “दादा, तेव्हा का नाही बोललात?”