टॅरोचं पुस्तक आधी खोक्याबाहेर काढा

टॅरोचे पत्ते वापरून गोष्ट रचायचा एक रोलप्लेइंग गेम मी गेले काही महिने बनवतेय. चार-पाच जण सतरंजीवर बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो, पत्ता उलटला की त्यावरच्या चित्रातून पुढचा प्रसंग सांगतो. फासे नाहीत, गुण नाहीत, कुणी जिंकत नाही. हे ऐकल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मग कुठल्या पत्त्याचा काय अर्थ, त्याची यादी कुठाय?"

यादी नाहीये. येणारही नाही.

असा गेम बनवायची सोपी वाट मला माहीत आहे. ७८ पत्ते, ७८ ओळींचा तक्ता. पेल्यांची अठ्ठी : निराशा, सोडून जाणं. तलवारींची तिर्री : प्रेमभंग. खेळाडूनं पत्ता काढायचा, तक्त्यात बोट फिरवायचं आणि 'निराशा' असं वाचून एक निराश प्रसंग सांगायचा. शाळेत आपण दुसरं काय करत होतो? कविता धड्यातली, प्रश्न 'कवीला काय म्हणायचं आहे', उत्तर गाइडमधलं. दहावी झाली, गाइड रद्दीत गेलं. आणि आता रविवारी दुपारी, स्वतःच्या हौसेनं, पुन्हा गाइडच उघडायचं?

त्या पेल्यांच्या अठ्ठीकडे नीट बघा. रात्र आहे. पुढे आठ पेले रचलेत, मागे लाल कपड्यांतला एक माणूस काठी टेकत डोंगराकडे निघालाय, आपल्याकडे पाठ करून. चंद्र खाली बघतोय. आमच्या खेळात एक मैत्रीण म्हणाली, "वरच्या रांगेत एक जागा रिकामी आहे. तो नववा पेला शोधायला गेलाय." दुसरा म्हणाला, "छे, पेले त्याचे नाहीतच. मालक यायच्या आत पळतोय." या दोन वाक्यांतून दोन वेगळ्या गोष्टी निघतात. 'निराशा' या शब्दातून त्यांतली एकही निघत नाही.

इथे जाणकार मंडळी अडवतात. म्हणे हे अर्थ शेकडो वर्षांच्या परंपरेतून आलेत, तू कोण ते फेकणारी? तर परंपरेचं ऐका. टॅरो जन्मला तो खेळ म्हणून, पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत. आपल्या मेंढीकोटासारखा हात करायचा खेळ. फरक इतकाच की हुकूम बोलायचा नाही, २१ चित्रपत्ते कायमचे हुकूम. फ्रान्समध्ये तो आजही खेळतात, आणि तिथे कुणी कुणाचं लग्न कधी होईल ते सांगत नाही, डाव मोजतात. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानानं जाहीर केलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. इजिप्तची चित्रलिपी शांपोलिअँनं उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे ज्या लिपीतलं एक अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं, तिच्यातलं ज्ञान साहेबांनी पत्त्यांत वाचलं. त्याच दशकात एतेला या टोपणनावाच्या गृहस्थानं पत्त्यांवरून भविष्य सांगायची पद्धत छापून धंदा सुरू केला. परंपरा म्हणतात ती ही.

आणि आज बहुतेकांच्या हातात असतो तो संच तर १९०९चा, लंडनमधला. रायडर हे प्रकाशकाचं नाव, वेट हे गूढविद्येच्या अभ्यासकाचं. 'रायडर-वेट' हेच नाव वर्षानुवर्षं चाललं. चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथनं. तिचं नाव मात्र खोक्यावर नव्हतं. जुन्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत पेल्यांची अठ्ठी म्हणजे नुसते आठ पेले, आपल्या बदामच्या अठ्ठीसारखे. स्मिथनं बहुतेक साध्या पत्त्यांवर माणसं आणली : बर्फात लंगडत जाणारे भिकारी, नावेतली बाई आणि मूल. का आणली असतील? ही बाई नाटकवाल्यांत वावरलेली होती. लहानपणी काही वर्षं जमैकात राहिलेली. तिथल्या अनान्सी कोळ्याच्या लोककथांचं पुस्तक तिनं १८९९ मध्ये काढलं आणि लंडनमध्ये त्या गोष्टी ती लोकांसमोर सांगायची. कथेकरीण होती ती! तिनं ७८ प्रसंग काढून ठेवले, वेटनं अर्थांचं पुस्तक लिहिलं, आणि जगानं पुस्तक धरलं. १९५१ मध्ये ती गेली तेव्हा कर्जात होती. मी पुस्तक बाजूला ठेवते, त्यात हाही एक राग आहे.

इटालो काल्व्हिनोनं 'द कासल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज'मध्ये हेच केलंय. वाचा गेलेले प्रवासी टॅरोचे पत्ते मांडून आपापली हकीकत सांगतात, आणि तोच पत्ता एकाच्या गोष्टीत एक असतो, दुसऱ्याच्या गोष्टीत दुसराच.

मग काहीही चालतं का? मुळीच नाही. नियम एकच आहे आणि कडक आहे : जे सांगाल ते चित्रात बोट ठेवून दाखवायचं. कुणीही विचारू शकतं, "कुठे दिसतं?" दाखवता आलं नाही तर वाक्य मागे. पत्ता उलटा आला, तर पुस्तकं म्हणतात अर्थ उलटा करा. आमच्याकडे उलटा पत्ता डावीकडच्यानं सांगायचा. एखादं चित्र कुणाच्या खऱ्या दुखण्याला लागलं, तर ते पालथं घालायचं, कारण विचारायचं नाही.

"गंजिफा का नाही? आपलं आहे ते!" हेही ऐकून झालं. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्याच, हातानं रंगवलेले १२० गोल पत्ते, फार देखणे. पण राजा आणि प्रधान सोडले तर बाकीच्या पत्त्यांवर त्या अवताराची खूण मोजून काढलेली असते, आणि अवतारांच्या गोष्टी आपल्याला पाठ आहेत. पाठ असलेल्या गोष्टीत खेळाडूला जागा कुठे?

फाशांवर माझा राग नाही. १९७४च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सपासून वीस बाजूंचा फासा हे काम छान करतोय. पण फाशाला आठवण नसते. दर वेळी वीस येण्याची शक्यता तेवढीच. गड्डीतून गेलेला पत्ता मात्र गेला. चौथ्या फेरीतही मृत्यूचा पत्ता निघालेला नसेल, तर सगळ्यांना ठाऊक असतं की तो अजून आत आहे. हात जरा हळू जातो.

तो पत्ता निघाला की भविष्यवाले घाईघाईनं समजूत घालतात : घाबरू नका, मृत्यू म्हणजे परिवर्तन. मला ही समजूत नकोय. स्मिथच्या चित्रात पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा आहे. राजा खाली पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा, मुलीनं तोंड फिरवलंय. लहान मूल तेवढं गुडघ्यांवर बसून वर बघतंय. आमच्यातला एक जण खूप वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "त्या पोराला घोडा आवडलाय." पुढचा पाऊण तास त्या पोराचा होता.