ट्रेलरने न दिलेली वचने

2012 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या टेक्सासमधील 'रूस्टर टीथ' या कंपनीने तीन-साडेतीन मिनिटांचा एक ट्रेलर इंटरनेटवर सोडला. बर्फाळ रान, लाल झग्यातली एक मुलगी आणि भोवती काळ्या लांडग्यांचा घोळका. मुलीच्या हातात तिच्याहून मोठा विळा. तोच विळा बंदूकही होतो आणि गोळीच्या धक्क्याने ती हवेत भिरभिरत जाऊन पुढचा लांडगा कापते. संवाद एकही नाही. पुढच्या वर्षी जूनपर्यंत आणखी तीन मुलींचे तीन ट्रेलर आले. या अ‍ॅनिमेशन मालिकेचे नाव 'रुबी'.

मग व्हायचे तेच झाले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! लाल झगेवाली म्हणजे लांडग्याच्या गोष्टीतली मुलगी, पांढरी ती हिमगौरी, सोनेरी केसांची ती तीन अस्वलांच्या घरात शिरलेली, इथवर अंदाज बरोबरच होते. पण तेवढ्यावर थांबतील तर ते चाहते कसले? कोणाचे कोणाशी जमणार, खलनायक कोण, या जगाचा इतिहास काय, हे सगळे पहिला भाग येण्याआधीच ठरून गेले.

जुलै 2013 मध्ये मालिका आली. काही भाग जेमतेम पाच-सहा मिनिटांचे. रस्त्यावरची, शाळेतली गर्दी म्हणजे नुसत्या काळ्या सावल्या, कारण प्रत्येकाला चेहरा द्यायला हाताशी ना माणसे होती ना पैसा. संवाद बेताचे, कथा अडखळणारी. मारामारी मात्र ट्रेलरइतकीच झकास. तरी ओरड झालीच : फसवले!

कोणी फसवले? निर्माता मॉन्टी ओम हा घरबसल्या अ‍ॅनिमेशन शिकलेला गडी. व्हिडिओ गेममधल्या पात्रांना एकमेकांशी झुंजवणाऱ्या 'हेलॉइड' आणि 'डेड फँटसी' या त्याच्या 2007 मधल्या चित्रफिती गाजल्या, त्या झुंजीमुळेच. ट्रेलरमध्ये त्याने तेच दाखवले आणि मालिकेतही तेच दिले. जाहिरातीच्या धंद्यात इतका प्रामाणिकपणा विरळाच. दमदार कथेचे वचन ट्रेलरने दिले नव्हते. ते चाहत्यांनी स्वतःच स्वतःला दिले आणि वसुलीला ओमच्या दारी गेले. (संवाद खरोखरच सुमार होते, हे मान्य. पण चौथ्या ट्रेलरमध्ये पात्रे बोलली होती. ज्याने कान उघडे ठेवले त्याला कल्पना यायला हरकत नव्हती.)

ओम 1 फेब्रुवारी 2015 रोजी गेला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. सावल्यांना पुढे चेहरे मिळाले, भाग लांबले, सीझन नऊ झाले. ट्रेलरच्या वेळचे मनातले चित्र मात्र काहींनी सोडले नाही. प्रत्येक सीझन त्यांनी त्याच चित्राशी ताडून पाहिला आणि नापास केला. 2023 मध्ये नववा सीझन संपला आणि दहाव्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा 'दहावा सीझन मंजूर करा' म्हणून हॅशटॅगची मोहीम चालली, तीही चाहत्यांचीच. मार्च 2024 मध्ये रूस्टर टीथ बंद होत असल्याची घोषणा झाली. 'रुबी' त्याच वर्षी 'विझ मीडिया'ने विकत घेतली.