ताडपत्रीखालची पद्मिनी

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली आणि साऱ्या महाराष्ट्राला एकदम गहिवर आला. जे गृहस्थ तिच्या हट्टी गिअरला आयुष्यभर शिव्या घालीत आले, तेच आसवे गाळू लागले. गाळोत बापडे! आसवांना पैसे पडत नाहीत. परंतु या गहिवराच्या भरात, अंगणात ताडपत्रीखाली पडलेली गाडी 'पूर्ववत्' करण्याचा जो नाद आमच्या खानदेशात शिरला आहे, त्याला पैसे पडतात. आणि ते बहुधा निवृत्तीच्या पुंजीतून पडतात.

अमळनेरकराला हा नाद लागावा याला स्थानिक कारण आहे. १९४५ साली येथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली. ज्यांनी तिचे शेअर ट्रंकेत टाकून ठेवले, त्यांची घरे वर आली. श्रीमंत प्रतापशेठांनी गावाला तत्त्वज्ञान मंदिर दिले खरे, पण गावाने तत्त्वज्ञान उचलले ते या ट्रंकेतून : जुने टाकू नये, कधीतरी फळते! अहो, शेअराला बोनस लागतो, गाडीला गंज लागतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून हजारोंनी निघालेली पद्मिनी ही काही संस्थानिकाची रोल्स नव्हे. तिच्यावर ओतलेला रुपया विकताना परत येईल, ही आशा सोडावी.

बरे, पैसा जातो कोठे? मालक पहिल्यांदा रंग निवडतो! मग बंपरला निकल, मग आसनांचे कापड. इंजीन सर्वांत शेवटी, आणि तळाचा पत्रा कोणी पाहतच नाही. वास्तविक या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्रा हाच तिचा सांगाडा. जीपचा पत्रा सडला तर कातडे गेले. पद्मिनीचा सडला तर हाडे गेली. सडलेल्या हाडांवर चकचकीत रंग चढवणाऱ्या कारागिराला दोष देऊ नका. त्याला तुम्ही रंगच सांगितलेला असतो.

आणि कायदा? खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी नि शुल्क. पन्नाशी उलटलेल्या गाडीसाठी २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले. शुल्क वीस हजार! पण ती पाटी लागली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, फार तर पेट्रोल भरायला न्यावी. रोजच्या वापराला बंदी. म्हणजे लाखो रुपये घालून गाडी चालती करायची आणि मग ती चालवायची नाही. याला हौस म्हणा, वडिलांची आठवण म्हणू नका. वडील तिच्यातून धुळ्याला जात होते.

वैशाखात संत सखाराम महाराजांचा रथ बोरीकाठी निघतो. तो जपला जातो, कारण तो ओढला जातो. तुमची गाडी दर आठवड्याला पारोळ्यापर्यंत तरी जाणार असेल, पत्रा शाबूत असेल, आणि कार्ब्युरेटरचा आवाज कानाने ओळखणारा म्हातारा मिस्त्री अजून हात चालवीत असेल, तर खर्च जरूर करा. त्याच्या हाताखाली एक पोरगाही ठेवायला सांगा, त्याची मजुरी तुम्ही द्या. हा खर्च मी वाया गेलेला समजणार नाही. घरातल्या बाईला मात्र आधी विचारा. पुंजी तिचीही आहे.

नाही तर? नाही तर गाडी सुटी होऊ द्या. तिचे दार, तिची काच, तिचा गिअरबॉक्स यांवाचून कुठे तरी एक चालती पद्मिनी अडून बसली असेल. ताडपत्रीखाली ठेवून तुम्ही दोघींनाही मारता आहात.

दिवाळीची सफाई निघालीच आहे. ताडपत्री काढा, खाली वाका, आणि दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. आरपार गेला तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या पद्मिनीवाल्याला कळवा.