चिमणी वर्षभर, मोजणी काही तास!

कचऱ्यातील प्लास्टिक, रबर, चिंध्या, कागद वेगळे काढून, वाळवून त्यांचे इंधन बनते. त्याला आरडीएफ म्हणतात. ते भट्टीत जळते तेव्हा पीव्हीसीसारख्या प्लास्टिकमधील क्लोरीनमुळे डायऑक्सिन आणि फ्युरान ही अतिविषारी संयुगे निर्माण होतात. प्रखर उष्णतेत ती नष्ट झाली, तरी धूर साधारण 450 ते 200 अंश सेल्सिअसदरम्यान निवताना पुन्हा तयार होतात.

2016 च्या घनकचरा नियमांनी चिमणीसाठी दर घनमीटरला धूलिकणांची मर्यादा 50 मिलिग्रॅम, तर डायऑक्सिन-फ्युरानची 0.1 नॅनोग्रॅम ठरवली. मोजलेला आकडा धुरात 11 टक्के प्राणवायू आहे असे धरून बदलून घ्यायचा असतो. कारण धुरात जादा हवा मिसळली की आकडा आपोआप उतरतो. 16 टक्के प्राणवायू असलेल्या धुरात 40 मिलिग्रॅम धूळ मिळाली, तर खरा आकडा 80 होतो. प्राणवायूची नोंद नसलेला अहवाल म्हणूनच निरर्थक आहे.

धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड यांची मोजणी यंत्रे अखंड करू शकतात. डायऑक्सिनचा नमुना मात्र सहा ते आठ तास घेऊन प्रयोगशाळेत पाठवला जातो. वर्षातून दोनदा घेतला, तरी 8,760 तासांपैकी फार तर 16 तासांचा हिशेब लागतो. भट्टी पेटवताना आणि विझवताना, म्हणजे सर्वाधिक विष निघते तेव्हा, नमुना घेतलाच जात नाही.

नेदरलँड्समधील हार्लिंगनची कचराभट्टी 2011 मध्ये सुरू झाली. 2013 मध्ये तिथल्या परसातील कोंबड्यांच्या अंड्यांत जास्त डायऑक्सिन सापडले. पुढे दीर्घकालीन नमुन्यांतून भट्टी सुरू-बंद होतानाचे उत्सर्जन उघडे पडले. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये तर 2000 पासून कचराभट्ट्यांवर असे सलग नमुने सक्तीचे आहेत. आपल्याकडे मात्र शहरांच्या हवा निर्देशांकात डायऑक्सिनचा समावेशच नाही. ‘हवा समाधानकारक’ हा फलक याबाबत काहीच सांगत नाही.

म्हणून पुण्याजवळील मोशीची कचराभट्टी असो की दिल्लीतील ओखल्याची, मागण्या स्पष्ट आहेत:

1. डायऑक्सिनचे सलग, दीर्घकालीन नमुने सक्तीचे करा.
2. भट्टी सुरू-बंद होतानाची मोजणीही अहवालात घ्या.
3. प्राणवायू व तापमानासह सर्व मूळ नोंदी रोज जाहीर करा.
4. परिसरातील माती, अंडी, दूध यांची स्वतंत्र तपासणी करा.

नागरिकांनो, ‘सर्व काही नियमात आहे’ असे सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: किती तास मोजले? उत्तर लेखी मागा.