बॅटरीचा क्रमांक आणि गांवचा मिस्त्री

खामगांव ही वऱ्हाडांतील कापसाची जुनी पेठ होय. १९२५ च्या कायद्यानें प्रेसमध्यें दाबलेल्या प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालणें भाग झालें. गाठींत पाणी किंवा कचरा निघाल्यास दोष कोणाचा, हें त्यावरून शोधतां येऊं लागलें.

हाच न्याय आतां वाहनांच्या बॅटऱ्यांस लागत आहे. भारत सरकारच्या २०२२ च्या नियमांनीं जुन्या बॅटरीची विल्हेवाट उत्पादकाच्या माथीं दिली. युरोपांत तर विजेच्या मोटारीच्या प्रत्येक बॅटरीस १८ फेब्रुवारी २०२७ पासून ओळखपत्र लागावें, असें २०२३ च्या कायद्यानें ठरलें आहे.

परंतु गिरणीपर्यंत गाठ कोणी उघडीत नाहीं; बॅटरी वाटेंतच उघडली जाते. गाडी अडली कीं ती चिखली-मेहकरकडील एखाद्या मिस्त्रीकडे जाते. तो पेटी खोलून चार सेल बदलतो, आणि वरचा क्रमांक त्याच क्षणीं खोटा ठरतो. यांत त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला नोंदवही दाखविली कोणीं? शहरांतील आपल्या कार्यशाळा सजवून कंपन्यांचें कर्तव्य संपत नाहीं. तालुक्याच्या मिस्त्रीस शिक्षण द्यावें आणि दुरुस्तीची नोंद करण्याचा अधिकारही द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शिशाच्या बॅटऱ्यांचें उदाहरण समोर आहेच. त्या उघड्यावर फोडून शिसें वितळविलें म्हणजे धूर व धूळ लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करतात. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, चार रुपये अधिक मिळतात म्हणून जुनी बॅटरी भंगारांत घालूं नये. नवी घेतांना ती दुकानांतच परत द्यावी, आणि पावतीवर क्रमांक लिहवून घ्यावा.